जुन्या फ्रीजमधल्या गॅसचा हिशेब कोणी ठेवायचा?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यानंतर गावभाग, टिळक चौक, मारुती चौक अशा भागांत घराघरांतून भिजलेल्या गाद्या, फुगलेली प्लायवूडची कपाटे, धान्याची पोती आणि त्यांच्याबरोबरच गाळाने भरलेले फ्रीज रस्त्यावर आले. रोगराईची भीती खरी होती, त्यामुळे हे सगळे शक्य तितक्या लवकर ट्रॉलीत आणि डंपरमध्ये भरून शहराबाहेर नेणे हेच त्या दिवसांत योग्य होते. ज्यांनी ते काम केले त्यांच्याविषयी तक्रार करण्यासारखे काहीही नाही. परंतु २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला, पुन्हा तसाच माल रस्त्यावर आला, आणि तोवरच्या दोन वर्षांत खराब झालेल्या फ्रीजचे काय करायचे याची वेगळी व्यवस्था या शहराने उभी केलेली नव्हती. पूर हे टोकाचे उदाहरण झाले. एरवी वर्षभर हेच काम एकेका हातगाडीने, एकेका टेम्पोने, कोणाच्या लक्षात न येता चालू असते.

माझे म्हणणे असे आहे की जुना फ्रीज किंवा एसी मोडताना त्यातला गॅस हवेत सुटतो याचे कारण लोकांचे अज्ञान हे नाही, आणि भंगारवाल्याचा बेफिकीरपणा तर मुळीच नाही. त्या यंत्रातल्या तांब्याला भाव आहे, पत्र्याला भाव आहे, कॉम्प्रेसरला भाव आहे आणि गॅस सांभाळून काढून देणाऱ्याला मात्र कोणी एक रुपयाही देत नाही. जोवर हे बदलत नाही तोवर प्रबोधनाच्या फलकांनी आणि जनजागृती फेऱ्यांनी काही साधणार नाही.

एखाद्या भंगाराच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले तर हे स्पष्ट दिसते. फ्रीज आडवा पाडला जातो. मागची काळी जाळी पिरगळून ओढली की तिला कॉम्प्रेसरशी जोडणारी बारीक नळी ताणली जाते आणि पकडीच्या एका दाबात तुटते. मग काही सेकंद फस्स असा आवाज येतो, नळीच्या तोंडाशी तेलाचे फेसाळ थेंब जमतात, ते खालच्या मातीत पडतात आणि मातीवर पूर्वी पडलेल्या डागांत मिसळून जातात. कॉम्प्रेसर वेगळ्या ढिगात जातो. दाराचा पत्रा उचकटला की आतला पिवळसर फोम तुकड्यातुकड्यांनी निघतो. त्याला गिऱ्हाईक नसल्यामुळे तो कोपऱ्यात पडून राहतो किंवा संध्याकाळी वायरींबरोबर जाळला जातो. फ्रीज मोडणारा माणूस आपले काम सफाईने करत असतो. त्याच्या दृष्टीने त्या आवाजाचा अर्थ इतकाच, की आता नळी कापायला हरकत नाही.

त्या काही सेकंदांत काय जाते ते आकड्यांत सांगायला हवे, कारण ‘एवढ्याशा गॅसने काय होणार’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो प्रामाणिक असतो. नव्वदच्या दशकातल्या घरगुती फ्रीजमध्ये आर-१२ हा सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वर्गातला वायू असे, साधारण शंभर-दीडशे ग्रॅम. तो ओझोनच्या थराला मारक आहे, हवेत सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि उष्णता धरून ठेवण्याची त्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास १०,९०० पट आहे. म्हणजे त्यातले शंभर ग्रॅम सुटणे हे एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. त्या काळच्या फोममध्येही सीएफसी वर्गातलाच दुसरा वायू कोंडलेला असे आणि त्याचे वजन बहुतेक वेळा नळ्यांमधल्या वायूहून जास्त भरे. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत तो १,४३० पट आहे. दीड टनी जुन्या एसीमध्ये आर-२२ साधारण एक किलो असतो आणि त्याची क्षमता सुमारे १,८०० पट आहे. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो असे धरले, तर एका एसीची नळी कापणे हे पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीचे ठरते. लिटरला पन्नास किलोमीटर धावणारी मोटारसायकल तेवढ्या पेट्रोलवर ३९ हजार किलोमीटर जाईल. मोटारसायकलच्या धुरासाठी आपल्याकडे पीयूसीचे प्रमाणपत्र आहे, तपासणी आहे, दंड आहे. एसीच्या नळीसाठी असे काहीच नाही.

आपल्याकडे कायदेच नाहीत असे मात्र नाही. ओझोनच्या रक्षणासाठीचा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला, आणि ओझोनला हानी पोचवणाऱ्या पदार्थांच्या नियमनाचे आपले नियम २००० साली आले. २०१० पासून सीएफसीचे उत्पादन आणि नवा वापर आपल्याकडे थांबला, ही जगाच्या पाठीवर क्वचित घडणारी यशोगाथा आहे आणि तिचा अभिमान वाटायला हवा. आर-२२ ज्या वर्गात मोडतो त्या वायूंचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे. याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार आर-१३४ए सारख्या वायूंचा वापर आपल्याला २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. परंतु या साऱ्या करारांचा रोख वायू तयार करण्यावर आणि बाजारात आणण्यावर आहे. जो वायू आधीच तयार होऊन घराघरांतल्या यंत्रांत बंद आहे, तो नष्ट कसा करायचा याचे बंधन त्यांत जवळजवळ नाही. नळ बंद केला तरी टाकीत साठलेले पाणी शिल्लक राहतेच, आणि आपण आता त्या टाकीपाशी येऊन थांबलो आहोत.

ई-कचऱ्याच्या नियमांनी ही उणीव भरून काढायला हवी होती. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत फ्रीज आहे, एसी आहे, वॉशिंग मशीन आहे, आणि विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्के वजनाइतका जुना माल पुनर्वापरात गेल्याचे दाखवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती २०२३-२४ मध्ये ६० टक्के होती आणि टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांपर्यंत जाणार आहे. २०२३ च्या एका दुरुस्तीत शीतकरणाच्या वायूंच्या सुरक्षित हाताळणीचाही उल्लेख आला. पण उत्पादक ही जबाबदारी पार पाडतात ती नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन, आणि ती प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या वजनावर मिळतात. नळी आधीच कापलेला, गॅस निघून गेलेला, फोम उपटलेला फ्रीज कारखान्यात पोचला तरी त्यातले तांबे तेवढेच भरते आणि प्रमाणपत्रही तेवढेच मिळते. भंगाराच्या दुकानातला तराजू आणि या प्रमाणपत्रांची नोंद ठेवणारे सरकारी पोर्टल हे दोन्ही एकच गोष्ट मोजत असतील, तर दुकानदाराने वेगळे वागावे अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

याच नियमांत मोठ्या ग्राहकाने आपला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यावा असे बंधन आहे, पण मोठा ग्राहक म्हणजे वर्षात कधीही किमान एक हजार उपकरणे वापरात असलेली संस्था. सांगली, मिरज, विटा, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) इथली बहुसंख्य हॉटेले, मंगल कार्यालये, दवाखाने, पतसंस्था आणि औषधांची दुकाने या व्याख्येत कधीच बसणार नाहीत. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात किती एसी आणि औषधांचे किती फ्रीज दर वर्षी बदलले जात असतील याचा नुसता अंदाज केला, तरी ही मर्यादा किती अपुरी आहे ते कळते.

आता गॅस काढण्याचे काम. ते अवघड आहे, महाग आहे, आपल्याकडे त्याची माणसे नाहीत, असे म्हटले जाते. त्यातले महाग हे काही अंशी खरे आहे. बाकीचे खरे नाही. घर बदलताना स्प्लिट एसी काढायला येणारा मेकॅनिक आधी ‘पंप डाऊन’ करतो. यंत्र चालू ठेवून तो एक व्हॉल्व्ह बंद करतो, सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो आणि मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करतो. गॅसला किंमत आहे आणि नव्या घरी तो पुन्हा भरावा लागू नये, म्हणून तो एवढी काळजी घेतो. हेच युनिट भंगारात निघाले की मात्र तो गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद होऊन दुकानापर्यंत जातो आणि तिथे सुटतो. म्हणजे कौशल्य सांगलीच्या प्रत्येक गल्लीत आहे, फक्त त्याचा वापर यंत्राच्या शेवटच्या दिवशी होत नाही. घरगुती फ्रीजला असे व्हॉल्व्ह नसतात. त्याच्या नळीला छेद देणारा चिमटा लावून यंत्राने गॅस सिलिंडरमध्ये ओढावा लागतो. हे काही मिनिटांचे काम आहे. सिलिंडर ८० टक्क्यांहून जास्त भरायचा नाही, दोन प्रकारचे गॅस एकाच सिलिंडरमध्ये मिसळायचे नाहीत, आणि कॉम्प्रेसरवरची, गॅसचे नाव लिहिलेली पट्टी वाचल्याशिवाय हात घालायचा नाही, एवढी शिस्त पाळली की झाले. शेवटची अट प्राणांशी निगडित आहे. अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी आहे, पण ज्वालाग्राही आहे. जुन्या सवयीने अशा फ्रीजवर गॅस कटर चालवणाऱ्या माणसाला भाजण्याचा खरा धोका आहे, आणि येत्या दहा वर्षांत भंगारात येणाऱ्या फ्रीजमध्ये याच वायूचे प्रमाण वाढत जाणार आहे.

रेफ्रिजरेशन आणि वातानुकूलनाचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये शिकवला जातो, आणि मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. तेव्हा माणसे घडवण्याची वाट आखलेली आहे. त्या माणसांना भंगाराच्या तराजूपर्यंत आणणारा मोबदला तेवढा आखलेला नाही.

तो कोठून आणायचा? जपानमध्ये २००१ पासून फ्रीज आणि एसी टाकून देताना मालकालाच शुल्क भरावे लागते आणि त्यातून गॅस काढण्याचा खर्च भागतो. आपल्याकडे ही पद्धत चालणार नाही असे मला वाटते. जुनी वस्तू देताना चार पैसे घेण्याची आपली रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. जो फ्रीज दिल्यावर पैसे मिळतात तो देताना उलट पैसे मोजा असे सांगितले, तर तो ओढ्याच्या काठी नेऊन टाकला जाईल. म्हणून पैसा सुरुवातीलाच, नवे यंत्र विकताना उत्पादकाकडून घेतला पाहिजे आणि शेवटी तो यंत्र अखंड आणून देणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रमाणपत्राच्या चार धातूंच्या यादीत, काढून जमा केलेल्या वायूचे वजन ही पाचवी बाब घालावी, आणि तिचे मोल त्या वायूच्या घातकतेप्रमाणे ठरवावे. मग नळी न कापलेल्या फ्रीजला कापलेल्या फ्रीजपेक्षा जास्त भाव मिळू लागेल आणि भंगारवाला पकड हातात घेण्यापूर्वी मेकॅनिकला फोन करील.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वायू जमा करण्याला पैसे मिळू लागले की पैशांसाठी वायू आणला जाईल. असे पूर्वी घडले आहे. आर-२२ तयार करताना एचएफसी-२३ नावाचा अतिशय घातक उपवायू निघतो. हवामानबदलाविषयीच्या क्योटो करारातल्या यंत्रणेखाली तो नष्ट करण्याबद्दल कारखान्यांना विकता येणारी कार्बन प्रमाणपत्रे मिळू लागली, तेव्हा त्या प्रमाणपत्रांचे उत्पन्न इतके झाले की काही कारखाने उपवायूसाठीच उत्पादन वाढवत असल्याचा आरोप झाला, आणि २०१३ पासून युरोपीय संघाने आपल्या बाजारात ती प्रमाणपत्रे स्वीकारणे बंद केले. नव्या सिलिंडरमधला स्वस्त गॅस जुन्या फ्रीजमधला म्हणून दाखवणे तर त्याहून सोपे आहे. परंतु याला तोड आहे. मोबदला नुसत्या सिलिंडरच्या वजनावर न देता यंत्रावर द्यावा. कॉम्प्रेसरचा अनुक्रमांक नोंदवावा, यंत्राच्या पट्टीवर जेवढा गॅस लिहिला असेल त्याहून जास्त वजन मान्य करू नये, आणि गॅस काढलेल्या कॉम्प्रेसरवर खूण करून तो पुन्हा मोजला जाणार नाही असे पाहावे. थोडी चोरी तरीही होईल. आज शंभर टक्के गॅस हवेत जाऊ देण्यापेक्षा ती पत्करण्याजोगी आहे.

केंद्राचा नियम बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका आपल्या हद्दीतल्या भंगार व्यावसायिकांना बोलावून, दोन-तीन मेकॅनिकांशी करार करून आणि गॅस काढण्याची एखाददुसरी यंत्रे विकत घेऊन लहान प्रमाणात सुरुवात करू शकते. आर-२२ चे नवे उत्पादन आटत जाणार असल्यामुळे जुन्या एसींच्या दुरुस्तीसाठी शुद्ध केलेल्या गॅसला मागणी राहील आणि खर्चाचा काही भाग त्यातूनच निघेल. पुन्हा वापरता न येणारा सीएफसी मात्र विकता येणार नाही. तो साठवून अतिउच्च तापमानाच्या भट्टीत नष्ट करण्यासाठी पाठवावा लागेल, आणि हा खर्च राज्याने उचलला पाहिजे.

दसरा-दिवाळीच्या एक्स्चेंज योजनांविषयी इथे बोलणे भाग आहे. जुना फ्रीज द्या आणि सवलत घ्या, असे म्हणणारा दुकानदार तो फ्रीज पुढे कोणाला देतो हे ग्राहकाने विचारावे, आणि दुकानदाराने तशी पावती द्यावी. बरेच फ्रीज दुरुस्त होऊन रानातल्या घरात, टपरीवर किंवा मेसमध्ये पुन्हा चालू होतात. वस्तू पुरेपूर वापरण्याचे मोल मला कळते आणि ज्याला नवा फ्रीज परवडत नाही त्याला तो मिळतो ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु वीस-पंचवीस वर्षांचा, रबर सैल झालेला, वर्षाआड गॅस भरावा लागणारा फ्रीज गरीब घराला वीजबिलाच्या रूपाने महाग पडतो आणि दर वेळी भरलेला गॅस गळून हवेतच जातो. असा फ्रीज पुढे देणे ही मदत नाही.

गिझर, पाण्याचे बंब आणि सोलर हीटर यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, कारण त्यांपैकी बहुतेकांच्या नळ्यांत असा वायू नसतो. तांब्या-पितळेचा बंब तर आपले लोक पिढ्यानपिढ्या मोडीत देत आले आहेत.

सर्वांत कमी बोलले जाते ते या जिल्ह्याच्या मोठ्या यंत्रांविषयी. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतल्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीत, घरच्या फ्रीजच्या कितीतरी पट गॅस असतो, आणि केंद्र बंद पडले की ती टाकी स्टीलच्या भावाने विकली जाते. सांगली, तासगाव, कवठेमहांकाळ पट्ट्यातला बेदाणा ज्या शीतगृहांत राहतो, त्यांपैकी अनेकांत अमोनिया वापरला जातो. अमोनिया ओझोनला किंवा हवामानाला मारक नाही, त्या दृष्टीने तो उत्तमच आहे, पण माणसाला तो थेट मारक आहे. डोळे आणि फुप्फुसे तो काही क्षणांत भाजून काढतो. चालू शीतगृहात त्याचा जाणकार ऑपरेटर असतो. शीतगृह बंद होऊन सगळा लॉट भंगाराला लिलावात गेला की तो ऑपरेटर निघून जातो, आणि रिसीव्हरच्या, म्हणजे द्रव अमोनिया साठवणाऱ्या टाकीच्या, तळाशी तेलात मुरलेला अमोनिया शिल्लक असताना नळ्यांवर कटर चालवायला रोजंदारीची माणसे येतात. प्लांट पूर्ण रिकामा केल्याचा तंत्रज्ञाचा लेखी दाखला असल्याशिवाय त्याचा लिलाव होऊ नये, आणि तो दाखला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आधी नोंदवला जावा, ही मागणी बेदाणा व्यापाऱ्यांच्या संघटनांनी स्वतःहून केली तर तिला वजन येईल.

आणि पुन्हा पुराकडे पाहायचे, तर २००५, २०१९ आणि २०२१ नंतर सांगलीत पूर येणार का असा प्रश्न उरलेला नाही. दर वर्षी मे महिन्यात महापालिका बोटी तपासते आणि निवारा केंद्रांची यादी करते. त्या यादीत आणखी दोन ओळी हव्यात. पहिली म्हणजे पूररेषेबाहेरची एक पक्की, छपराची जागा, जिथे फ्रीज, एसी आणि वॉशिंग मशीन इतर कचऱ्यात न मिसळता उभे ठेवता येतील. फ्रीजची दारे तिथे पहिल्याच दिवशी काढून ठेवावीत, कारण बेवारस फ्रीजमध्ये खेळताना मूल अडकले तर ते आतून हाक मारूनही कोणाला ऐकू जात नाही. दुसरी ओळ म्हणजे पाणी ओसरल्यावर आठवडाभरात त्या जागी येऊन गॅस काढतील अशा मेकॅनिकांची नावे आणि त्यांना प्रत्येक यंत्रामागे द्यायचा दर. हा दर मे महिन्यातच ठरलेला असला पाहिजे, कारण ऑगस्टमध्ये तो ठरवायला कोणाला सवड होणार नाही, आणि ठरला नाही तर सगळा माल पुन्हा समडोळी रस्त्याच्या कचरा डेपोकडे जाईल.